कारवान, मुधोळ, ग्रेहाऊंड घरी आणताना: आधी दार, मग पट्टा, मग कुत्रा

शिकारी कुत्रा पाळलेल्या घरांतल्या तक्रारी ठरलेल्या असतात. "हाक मारली तरी ऐकत नाही." "पट्ट्यातून निसटला." "कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही." "दिवसभर नुसता झोपतो, आजारी असेल का?" चारही तक्रारींचं मूळ एकच. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड पाळण्याची रीत जशीच्या तशी कारवान, पश्मी, मुधोळ किंवा ग्रेहाऊंड या सडपातळ, वेगवान शिकारी जातींना लावली जाते. ही कुत्री वासापेक्षा नजरेवर शिकार करतात. पळणारं काही दिसलं की पाय निघतात, आणि त्या क्षणी तुमची हाक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हा हट्ट नाही, बेइमानी तर नाहीच नाही. म्हणून या कुत्र्याचा जीव शिकवणीच्या भरवशावर सोडायचा नसतो, बंदोबस्त आधी करायचा असतो. शिकवायचं जरूर, पण त्यानंतर.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा. पिल्लू आणल्यावर जाळी बसवू, पट्टा नंतर बघू, असं म्हणणाऱ्यांचीच कुत्री रस्त्यावर सापडतात.

टप्पा १: कुत्रा येण्याआधी घर फिरून पाहा

सुरुवात दारापासून. फ्लॅट असेल तर मुख्य दाराबाहेर जाळीचा सेफ्टी डोअर हवाच. नियम एकच: एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. कुत्री निसटतात ती दूधवाल्याला पैसे देताना, कुरिअरवर सही करताना, मुलं शाळेतून धावत आत येताना. घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, हा नियम आधीच सांगून ठेवा.

बंगला किंवा रो-हाऊस असेल तर कंपाउंड निदान सहा फूट हवं. चार फुटांची भिंत मोठा कारवान पळत येऊन सहज ओलांडतो. गेटच्या खालची फट आणि गजांमधलं अंतर पाहा, कारण या कुत्र्याची छाती खोल असली तरी अंग अरुंद असतं. पिल्लू तर कुठूनही जातं. भिंतीवर काचा लावलेल्या असतील तर त्या आधी काढून टाका. यांची कातडी पातळ आणि तिच्याखाली चरबी जवळजवळ नाही. दुसऱ्या कुत्र्याला जिथे ओरखडा येईल, तिथे याची कातडी उघडी पडते.

गच्चीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. आपल्याकडच्या गच्च्यांचा कठडा तीन-साडेतीन फूट असतो, आणि गच्चीवर कबुतरं असतातच. कबुतर कठड्यावरून उडालं की मागोमाग कुत्रा झेप घेतो. पलीकडे तीन मजले आहेत हा विचार त्या क्षणी त्याच्या डोक्यात नसतो. गच्चीवर न्यायचंच असेल तर लीश, म्हणजे पट्ट्याला अडकवायची दोरी, हातात ठेवूनच. बाल्कनीला वरपर्यंत जाळी हवी.

फरशीचाही विचार करा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर या लांब पायांना पकड मिळत नाही. पाय फाकतात, स्नायू दुखावतात. जिथून तो सतत ये-जा करणार त्या वाटेवर जुन्या सतरंज्या टाका. झोपायला मऊ, जाड अंथरूण हवं. अंगावर गादीसारखी चरबी नसल्यामुळे उघड्या फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, कधी पाणी भरून सूजही येते. चार पदरी घडी घातलेली गोधडी यासाठी उत्तम. ती धुताही येते.

मळ्यात राहत असाल तर आणखी दोन गोष्टी. द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा आणि ताण देणाऱ्या तिरक्या तारा वेगात पळणाऱ्या कुत्र्याला दिसत नाहीत, त्यामुळे त्याला बागेत मोकळं सोडू नका. दुसरी गोष्ट बिबट्या. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यातच काय, शहराच्या कडेलाही तो येतो, आणि कुत्रा ही त्याची सोपी शिकार. अंगणात साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळून जायचीही सोय उरत नाही. रात्री कुत्रा घरात, दार बंद.

तपासा: घरातलं लहान मूल नकळत दार उघडं टाकून गेलं, तरी कुत्रा रस्त्यावर पोचू शकणार नाही ना? उत्तर "पोचेल" असं असेल तर अजून कुत्रा आणू नका.

टप्पा २: पट्टा आणि लीश

नेहमीचा गोल पट्टा या कुत्र्यांना चालत नाही, कारण त्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. हे कसं घडतं ते एकदा नीट पाहिलं की विसरत नाही. कुत्रा थबकतो. पुढचे पाय रोवतो, मान खाली घालतो आणि सरळ मागे सरकतो. तुम्ही लीश ओढता, त्यानेच पट्टा कानांवरून पुढे सरकतो. दोन पावलांत पट्टा तुमच्या हातात, लोंबकळत.

यावर उपाय म्हणजे मार्टिंगेल पट्टा. त्याला दोन कड्या असतात. ओढ बसली की तो ठरावीक मापापर्यंतच आवळतो, गळा दाबत नाही आणि डोक्यावरून निघतही नाही. रुंदी दीड ते दोन इंच, आतून मऊ कापड. बारीक दोरी किंवा साखळीने मानेवर ताण येतो. पट्टा मानेत वर, कानांच्या मागेच बसला पाहिजे, घसरून खाली नाही. नाशिकच्या दुकानात मापाचा मिळाला नाही तर ऑनलाइन मागवा, किंवा चांगल्या बॅगवाल्याकडून शिवून घ्या. पिल्लाचा पट्टा दर महिन्याला तपासावा लागतो. पट्ट्याला मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला आणि जमल्यास कातडीखाली मायक्रोचिप, ही दोन्ही कामं पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या.

लीश पाच-सहा फुटांची, कापडी, हातात घट्ट बसणारी घ्या.

सावधान: बटण दाबलं की लांब होणारी लीश या कुत्र्याला कधीही लावू नका. काही झेपांतच तो पूर्ण वेग पकडतो, आणि दोरी संपली की तो सगळा झटका मानेवर बसतो. हँडल तुमच्या हातातून सुटलं तर त्याचा खडखडाट मागे येतो, त्याला भिऊन तो आणखी लांब पळतो. लांब दोरी वापरायची तर ती हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना) बांधा, गळ्यातल्या पट्ट्याला नाही.

टप्पा ३: पहिले काही दिवस

पिल्लू निदान आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. विकणारा "आता सगळं खातं" म्हणाला तरी नाही. आई, भावंडं आणि जागा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर पाहुण्यांना काही दिवस थांबवा. एक खोली, एक गोधडी, पाण्याचं भांडं, एवढंच त्याचं जग असू द्या. ही कुत्री आवाजाला आणि रागावण्याला फार हळवी असतात. एकदा जोरात ओरडलात तर काही जण दिवसभर कोपऱ्यातून बाहेर येत नाहीत. शू-शीची सवय लावण्याची रीत साधी: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्या, ठरलेल्या जागी. घरात झालं तर न बोलता पुसा.

पट्टा आधी घरातच घाला, जेवताना. दोन-तीन दिवसांनी लीश. बाहेर त्यानंतर.

दिवसभर झोपणं हा आजार नाही. धडधाकट कारवान सकाळी तासभर हिंडून आला की दुपारभर पाय वर करून झोपेल. खाणं नीट आहे, डोळे चमकदार आहेत, हाक मारल्यावर कान हलतात, तर झोपू द्या. आणि याला राखणदार म्हणून बाहेर बांधायला आणत असाल तर कृपा करून आणू नका. बांधलेला शिकारी कुत्रा खचतो किंवा चावरा होतो. त्याला माणसांमध्ये राहायचं असतं, शक्य झालं तर सोफ्यावर.

टप्पा ४: खाणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या मायेपोटी होतात.

पहिली चूक भाकरी-दूध. पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्यांना तेच घातलं, हे खरं. पण मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. आणि नुसत्या भाकरीवर या कुत्र्याचे स्नायू टिकत नाहीत. ताटलीचा मुख्य भाग प्रथिनांचा हवा: उकडलेलं हाडं काढलेलं चिकन, उकडलेली अंडी. त्यासोबत भात किंवा भाकरी, थोडा लाल भोपळा किंवा गाजर, एखादा चमचा दही. मीठ-मसाला नाही. घरात मांस शिजत नसेल तर चांगलं तयार खाद्य वापरा, पण पिल्लू आणण्याआधीच तसं ठरवा. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, मोठ्याला दोन वेळा. पिल्लाला मनानेच कॅल्शियमची पावडर चालू करू नका. वाढत्या हाडांना जादा कॅल्शियमचा त्रासच होतो.

दुसरी चूक वजन वाढवण्याची. "उपाशी ठेवता का हो याला?" हा प्रश्न तुम्हाला गल्लीत विचारला जाणारच. धडधाकट शिकारी कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात, पोट आत गेलेलं हवं आणि मांड्या भरलेल्या, टणक. सगळ्याच बरगड्या मोजता येत असतील, कमरेची हाडं टोकदार वर आली असतील आणि मांडी सपाट झाली असेल, तेव्हाच तो खरा अशक्त. लोकांच्या बोलण्यावरून त्याला जाड केलंत तर तो भार त्याच्या बारीक पायांवर येतो.

तिसरी गोष्ट नाशिककरांनी तर लिहून फ्रिजवर चिकटवावी: द्राक्षं, बेदाणे आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल ते सांगता येत नाही, एखाद्याला थोड्यावरही होतो. हंगामात घराघरांत द्राक्षांच्या पेट्या येतात, मुलं खेळता खेळता कुत्र्याला भरवतात. कांद्याने, कच्च्या असो वा शिजवलेल्या, रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात. त्यामुळे कांदा-लसणाचा रस्सा ओतलेला भात बंद. चाळीत साठवलेल्या कांद्याजवळ पिल्लू सोडू नका. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून आतड्यात टोचतात. चॉकलेटही नको.

सावधान: खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. खाण्याआधी तासभर आणि खाल्ल्यानंतर निदान तासभर पळवू नका. पोट ताणलेलं दिसतंय, ओकारी काढतोय पण काही पडत नाही, लाळ गळतेय, एका जागी बसवत नाही, अशी लक्षणं दिसली तर ओवा-हिंगात वेळ घालवू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांकडे न्या. इथे तास-दोन तासांवर जीव असतो.

टप्पा ५: फिरवणं वेगळं, पळवणं वेगळं

रोज दोन वेळा लीशवर चालणं, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. हे त्याच्या डोक्यासाठी. पळणं आठवड्यातून दोन-तीनदा, थोडंच, आणि बंद जागेत. हे त्याच्या शरीरासाठी. एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही.

"बंद जागा" म्हणजे चारही बाजूंनी भिंत किंवा जाळी. गोदापार्क, तपोवन, पांडवलेणीचा पायथा या बंद जागा नव्हेत, पहाटे कितीही शांत वाटल्या तरी. ओळखीच्या कुणाचा भिंत घातलेला प्लॉट, फार्महाऊसचं अंगण, किंवा मालकाची परवानगी मिळाली तर सकाळी रिकामं असलेलं बॉक्स क्रिकेटचं जाळीबंद मैदान, अशी जागा शोधा. सोडण्याआधी स्वतः चालत एक फेरी मारा. बिळं, खड्डे, बाटल्यांच्या काचा, तारेचं टोक, सगळं पाहा. वेगात पाय खड्ड्यात गेला तर हाड मोडतं.

क्रम असा: दहा मिनिटं चालणं, मग सोडणं, तीन-चार जोरदार धावा, मग पुन्हा दहा मिनिटं चालणं, मग पाणी घोट-घोट. थांबण्याची वेळ तुम्ही ठरवायची. तो थांबणार नाही, दमला तरी पळेल. साधारण सव्वा वर्षाचा होईपर्यंत पिल्लाला मुद्दाम पळवू नका, सायकलमागे किंवा गाडीमागे तर कधीच नाही. ते आपलं आपण खेळेल तेवढं पुरे.

आणि माळरानावर ससा दाखवून सोडण्याची हौस असेल तर ती विसरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य प्राण्यामागे कुत्रा सोडणं आणि तसा नुसता प्रयत्नही शिकारीच्या व्याख्येत येतो. ससा, मोर, काळवीट, कुणामागेही नाही.

टप्पा ६: हाकेला येणं

"बस" शिकवण्यात ताकद घालवू नका. लांब मांड्यांमुळे यातल्या बऱ्याच कुत्र्यांना टेकून बसणं अवघड जातं. त्याऐवजी "थांब" आणि "ये" शिकवा.

"ये" घरातून सुरू करा. शिट्टी वाजवा किंवा एक ठरलेला शब्द घ्या, आणि आल्यावर दरवेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा. बिस्किटावर भागवू नका, ससा आणि बिस्किट यांत बिस्किट हरतं. मग अंगण, मग हार्नेसला लांब दोरी बांधून प्लॉट, मग बंद जागेत मोकळं. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही. तो उशिरा आला, चिखलात लोळून आला, तरी रागवायचं नाही. आल्यावर मार बसला की पुढच्या वेळी तो येणारच नाही, आणि चूक त्याची नसेल.

तपासा: बंद जागेत, दुसरं कुत्रं समोर असताना, तो दहापैकी नऊ वेळा येतोय? उत्तम. तरीही रस्त्यावर लीश सोडायची नाही.

टप्पा ७: मुलं, मांजर, शेजार

मुलांना तीन गोष्टी पाठ करून घ्या: झोपलेल्या कुत्र्याला आधी लांबून नावाने हाक मारल्याशिवाय हात लावायचा नाही, खाताना जवळ जायचं नाही, त्याच्यासमोरून किंचाळत पळायचं नाही. यातले काही कुत्रे अर्ध्या उघड्या डोळ्यांनी झोपतात. मुलाला तो जागा वाटतो, मूल गळ्यात पडतं, आणि दचकलेला कुत्रा दात लावतो. मग "चावरा निघाला" म्हणून त्याला हाकललं जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे पूर्णपणे टाळता येतं.

घरात मांजर असेल तर पिल्लू लहानपणीच आणा आणि दोघांना काही महिने एकटं सोडू नका. घरातल्या मांजराशी जमलं म्हणून गल्लीतल्या मांजराशी जमेल असं धरून चालू नका. शेजाऱ्यांच्या कोंबड्या असतील तर भांडणाआधीच जाळी लावा.

भटकी कुत्री अंगावर आली तर पळू नका, लीश सोडू नका. कुत्रा पळाला की मागे टोळी लागते. त्याला शरीराच्या आड घ्या, हळूहळू बाजूला सरका.

टप्पा ८: डॉक्टरांना काय सांगायचं

लसी सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीज तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढे दरवर्षी. जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने. रेबीज लसीचं कार्ड हाती आलं की महापालिकेचा श्वान परवाना काढून टाका.

नसबंदी किंवा कुठलीही शस्त्रक्रिया करायची असेल तर आधी स्पष्ट विचारा: "भूल कुठली देणार?" अंगात चरबी कमी आणि यकृत काही औषधं सावकाश मोडतं, म्हणून थायोपेंटोनसारख्या बार्बिच्युरेट भुलेतून ग्रेहाऊंड फार उशिरा बाहेर येतात, कधी जिवावर बेततं. सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत. भूल उतरताना अंग गार पडतं, पांघरूण सोबत न्या.

कुत्रा ठणठणीत असताना एकदा रक्त तपासा आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. ग्रेहाऊंडच्या रक्तात लाल पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट कमी असणं स्वाभाविक असतं, थायरॉइडचा आकडाही कमी येतो. आपल्याकडे गोचीड ताप सर्रास, आणि त्यातही प्लेटलेट उतरतात. त्याचा नेहमीचा आकडा माहीत नसेल तर कमी प्लेटलेट मूळच्या की तापाच्या, हे कळणं कठीण.

गोचिडांसाठी गुरांचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून अंगाला चोळू नका. या पातळ कातडीला ते झेपत नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत, पॅरासिटॅमॉलसुद्धा. कातडी फाटली तर हळद, कॉफी पावडर काहीही भरू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, धुतलेलं सुती कापड गुंडाळा आणि तासाभरात टाके घालायला न्या.

टप्पा ९: नाशिकचे ऋतू

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे आणखी खाली. पहाटे अंगात जाकीट घाला, जुन्या स्वेटरच्या बाह्या कापूनही चालतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आणि दिवेलागणीनंतरच फिरवा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. जोरात धापा, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर सावलीत साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि दवाखान्यात न्या. बर्फ नको. पावसाळ्यात फिरून आल्यावर बोटांमधली जागा पुसून कोरडी करा.

दिवाळीत वसुबारसेपासूनच अंधार पडायच्या आत फिरवून आणा, खिडक्या लावलेल्या खोलीत ठेवा, आणि घरातही पट्टा-बिल्ला काढू नका. फटाक्याला भ्यालेला शिकारी कुत्रा काही मिनिटांत एका उपनगरातून दुसऱ्यात पोचतो.

टप्पा १०: सुटलाच तर

मागे पळू नका. तुम्ही पळालात की त्याला खेळ वाटतो किंवा भीती, दोन्हीत तो लांब जातो. दिसत असेल तर उलट दिशेला चार पावलं पळा, मग खाली बसा, तोंड फिरवा, चिकनची पिशवी खुळखुळवा. गाडीची सवय असेल तर गाडीचं दार उघडून ठेवा. बरेच जण आपणहून चढतात.

दिसेनासा झाला तर एकजण तो सुटला त्याच जागी थांबला पाहिजे, कारण भीती ओसरल्यावर ही कुत्री पुष्कळदा तिथेच परततात. तिथे त्याची गोधडी टाका. बाकीच्यांनी सोसायट्यांचे वॉचमन, पहाटेचे पेपरवाले, दूधवाले, रिक्षा स्टँड गाठावेत आणि फोटो व नंबर द्यावा. प्रत्येकाला सांगा: "पकडू नका, फक्त फोन करा." अनोळखी माणूस धरायला धावला तर तो रस्ता न बघता पळतो.

सापडला की लगेच पट्टा, मग पाणी घोट-घोट, खाणं अर्ध्या तासानंतर. पंजे, पोटाची कातडी आणि मांड्यांची आतली बाजू उजेडात तपासा, या घाईत लहान फाटलेलं दिसत नाही. भटक्यांनी चावल्याची शंका आली तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.